आधी टेबलाखाली वाकून बघा

विंडोज १० ला फुकटात सुरक्षा-अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. त्या वर्षीची वसुबारस होती १७ तारखेला. साताऱ्यात डीटीपी आणि किरकोळ छपाईचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मामांच्या डोक्यात या दोनपैकी दुसरीच तारीख होती. शुभेच्छापत्रं, पतसंस्थेचं कॅलेंडर, सराफाची अर्ध्या पानाची जाहिरात, शिवाय तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका आत्ताच टाकून ठेवणारी शहाणी मंडळी. अशा गर्दीत त्यांचा फोन आला.

"आरं, हे मशीन म्हणतंय मी पात्र नाही. काल रात्री बारापर्यंत पत्रिका काढल्या की त्याच्यावर. आज एकदम अपात्र कसं झालं?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. घरच्यांच्या लेखी याचा अर्थ असा, की ज्याला वायर आहे ते सगळं मला दुरुस्त करता येतं. तेव्हा शनिवारी पहाटेची एसटी पकडणं आलंच.

मशीन अपात्र ठरलं होतं ते विंडोज ११ साठी, एरवी ते काही वाईट नव्हतं. सहाव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, मध्ये कधीतरी बसवलेली एसएसडी. विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० एवढं लागतं. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप. बऱ्याच प्रोसेसरांत ती आतच असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद करून ठेवलेली. मामांच्याही मशीनमध्ये होती. चालू केली, स्टार्टमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून बघितलं, आवृत्ती २.० दिसली. मामा खूश. पण मायक्रोसॉफ्टची प्रोसेसरांची वेगळी यादी असते आणि इंटेलच्या बाबतीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, ती आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून, सुरू होते. सहावी पिढी यादीत नाही. विषय संपला.

तपासणीला बगल देऊन विंडोज ११ चढवता येतं, हे गावातल्या प्रत्येक रिपेअरवाल्याला माहीत आहे. रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने विंडोज चढवायचा पेन ड्राइव्ह बनवताना तसा पर्यायच समोर येतो. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी गाणी ऐकायच्या कॉम्प्युटरवर मी हे बिनदिक्कत केलं असतं. ज्या मशीनवरून चार ठेकेदारांच्या निविदा डिजिटल सहीने भरल्या जातात, त्यावर नाही. तात्पुरता श्वास घ्यायला वर्षभराची वाढीव मुदत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत, एरवी ३० डॉलर. आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट येत राहतात. ते आधी करून टाकलं. दिवाळी पार पडू दे, मग बघू.

आता खरा प्रश्न. यापुढे घ्यायचं काय?

या प्रश्नावर आपल्याकडे जी भांडणं होतात ती ऐकून मला कंटाळा आलाय. मॅकवाले म्हणणार एकदा वापरून बघ, परत फिरणार नाहीस. लिनक्सवाले (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट, खुली सिस्टीम; मी स्वतः त्याच पंगतीतला, घरच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं लिनक्सच आहे) स्वातंत्र्याची भाषा सुरू करणार. विंडोजवाले काही बोलत नाहीत, त्यांना वाटतं कॉम्प्युटर म्हणजे विंडोजच. तिघंही कॉम्प्युटरच्या समोर बसून बोलतात. माझं मत असं, की ही निवड समोरून होतच नाही. टेबलाखाली वाकायचं, तिथे किती वायरी आहेत आणि त्या कुठे जातात ते बघायचं. मग फाइलींचं कपाट उघडायचं. तुमच्याकडची सगळ्यात हट्टी वस्तू आणि सगळ्यात जुनी फाइल, या दोघींनी हा निर्णय केव्हाच घेऊन ठेवलेला असतो.

मामांच्या टेबलाखाली पहिली भेटली ती छोट्या लेझर प्रिंटरची वायर. नामांकित कंपनीचा, महाराष्ट्रातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसेल असा. टोनर स्वस्तात रिफिल होतं, सुटे भाग कुठेही मिळतात, वर्षानुवर्षं मरत नाही. मी मिंटचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा, पेन ड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावर चालू केलं. मिंट इन्स्टॉल न करताही असं चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागलं, आवाज आला, पडदा स्वच्छ. प्रिंटर मात्र ढिम्म.

कारण समजून घेण्यासारखं आहे. काही प्रिंटर आचाऱ्यासारखे असतात: कॉम्प्युटरने पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल भाषेत फक्त ऑर्डर सांगायची, पानाचा स्वयंपाक ते स्वतः करतात. काही नुसते वाढपी: पानावरचा ठिपका न् ठिपका कॉम्प्युटरने आधी शिजवून द्यायचा, यांनी फक्त वाढायचा. वाढपी स्वस्त पडतो, कारण त्याला स्वतःचं डोकं लागत नाही. पण मग ते डोकं कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये असतं, आणि तो ड्रायव्हर ज्या सिस्टीमसाठी कंपनीने नीट लिहिला तिथेच प्रिंटर चालतो. मामांचा प्रिंटर दुसऱ्या जातीतला. लिनक्सवर त्याला चालवायच्या खटपटी इंटरनेटवर ढिगाने आहेत. रोज शंभर पानं काढणाऱ्या दुकानाने खटपटींवर अवलंबून राहू नये. एक पान अडकलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

दुसरी वायर स्कॅनरची, आणि इथे उलटाच प्रकार. जुना चपटा स्कॅनर, कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं केव्हाच सोडून दिलेलं, म्हणून तो वर्तमानपत्राच्या रद्दीखाली पडलेला. मिंटमध्ये वायर लावली आणि तो सुरू झाला! लिनक्सवर स्कॅनरचं काम सेन नावाचा प्रकल्प बघतो. त्यांच्या यादीत प्रत्येक मॉडेलपुढे शेरा असतो: पूर्ण, चांगला, कामापुरता, जेमतेम, चालत नाही. इतकी प्रामाणिक यादी मी कुठल्या कंपनीच्या खोक्यावर अजून वाचलेली नाही. आपल्या वस्तूचं नाव यादीत सापडत नसेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन छोटे क्रमांक मिळतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. खोक्यावरचं नाव बदलतं, रंग बदलतो, हे क्रमांक खरं सांगतात. शोधायचं ते त्यांनीच.

तिसरी वस्तू यूएसबीचं टोकन, डिजिटल सहीचं. राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावर भरणा करायचा तर ते लागतंच. अशा काही टोकनांचे लिनक्सचे ड्रायव्हर निघतात, नाही असं नाही. पण निविदेची वेळ दुपारी तीनला संपत असते आणि ठेकेदार पावणेतीनला कागद घेऊन येतो. त्या पंधरा मिनिटांत मला कुठलाही प्रयोग नको. शिवाय मामांचे हिशेब टॅलीत, आणि टॅली विंडोजवरच चालतं. म्हणजे दुकानात एक तरी मशीन विंडोज ११ चं हवं, हे वायरींनीच सांगून टाकलं.

चौथी वस्तू कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला मागून चिकटलेली होती. काड्यापेटीएवढी, पंचवीस पिनांची, समांतर पोर्टात खोचलेली. डोंगल. ते काढलं की दुकानातलं मराठी सॉफ्टवेअर उघडत नाही. आणि तसा पोर्ट असलेलं मशीन आता दुकानात मागून मिळत नाही.

इथून पुढची गोष्ट फक्त मामांची नाही. मराठीत ज्याने ज्याने २००५ च्या आधी कॉम्प्युटरवर काही टाइप केलंय, त्या सगळ्यांची आहे.

विंडोजमध्ये देवनागरीची मुळातून सोय आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी आणि नंतरही पुष्कळ वर्षं आपल्याकडे युक्ती चालायची. फाइलीत साठवायची इंग्रजी अक्षरं आणि टोप्या-टिंबं लावलेली युरोपी अक्षरं. फॉन्ट असा बनवायचा की त्या अक्षरांच्या जागी पडद्यावर क, काना, वेलांटी दिसावी. कुठला तुकडा कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं आपापलं. युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, पहिली आवृत्ती १९९१ ची आणि तिच्यात देवनागरी होती, पण मामांच्या रोजच्या कामातलं, पान मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर युनिकोड जाणतच नाही. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, निघाली २००१ साली. सातारा जिल्ह्यातली लग्नं त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्यावरच लागली.

मामांच्या कपाटात अशा हजारो फाइली. लोक येतात आणि सांगतात, "दादाच्या लग्नाला २००९ ला केली होती ना, तश्शीच करा, नावं फक्त बदला." म्हणजे ती फाइल उघडली पाहिजे, आणि नुसती दिसून उपयोग नाही, तिच्यात बदल करता आले पाहिजेत. दिसणं तसं सोपं आहे. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमधला ड्रॉ २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली वाचतो. मी मिंटवर मामांच्या परवान्याचा फॉन्ट टाकला आणि श्री गणेशाय नमःसकट पत्रिका उघडली. थोडी हलली होती, पण उघडली. बदलायला गेलो आणि अडलो, कारण त्या फॉन्टात टाइप करून देणारा कीबोर्डचा प्रोग्रॅम डोंगलवाल्या मशीनवर.

मग रूपांतर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, काही चांगलीही आहेत. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट. जुन्या फाइलीत 'आशीर्वाद' मध्ये आधी वा आणि मग वरचा रफार. युनिकोडमध्ये आधी र, हलन्त, मग वा. रूपांतर करणाऱ्याने रफार उचलून मागे न्यायचा असतो. एखादा न्यायला विसरतो, एखादा एक घर जास्त मागे नेतो. ज्या कागदावर 'आशीर्वाद' हा शब्द हमखास येतो, त्या कागदाच्या दुकानात ही चूक चालत नाही.

आणि साताऱ्याच्या दुकानात तर कऱ्हाडही रोज येतं. पहिल्या रूपांतरात सगळीकडे 'कर्हाड' झालं, ह वर रफार. दुकानातल्या ऑपरेटर ताईंनी प्रूफ हातात घेतलं आणि माझ्याकडे अशा बघितल्या, की जणू मीच त्यांचं माहेर चुकीचं लिहिलंय. माहेर कऱ्हाडचंच निघालं. त्यांना मी दाखवलं: इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) नुसतं जे दाबलं की साधा र, शिफ्टबरोबर जे दाबलं की नुक्त्याचा ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग यू म्हणजे ह. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावला की तो रफार होऊन डोक्यावर चढत नाही, आडवा चंद्रकोरीसारखा शेजारी बसतो. त्यांनी एकदा केलं, दुसऱ्यांदा न बघता केलं. मग वऱ्हाडी, दऱ्या, तऱ्हा असे शब्द आपणच टाइप करत बसल्या.

पण त्यांची बोटं शिकलीत टाइपरायटरच्या मांडणीवर. टायपिंग क्लास, परीक्षा, मग वीस-बावीस वर्षं हेच काम. त्या कीबोर्डकडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाशी गप्पा मारत टाइप करतात. कुठली सिस्टीम घ्यायची हे ठरवताना प्रोसेसर, रॅम, प्रिंटर सगळ्यांची चौकशी होते, या बोटांची कोणी करत नाही. सुदैवाने आज तिन्ही सिस्टीममध्ये मराठी इनस्क्रिप्ट आयतं मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही मांडणी तीच. म्हणून मी ताईंना सुचवलं की टाइपरायटरची मांडणी नव्या मशीनवर ओढून नेण्यापेक्षा एकदाच इनस्क्रिप्ट हातात बसवा. पुढे सिस्टीम बदलली तरी बोटं बदलावी लागणार नाहीत. पटलं, पण दिवाळीनंतर. बरोबरच आहे. सीझनमध्ये कोण बोटं बदलतं?

फॉन्टचंही एक निघालं. रूपांतर केलेली पत्रिका बघून एक आजोबा म्हणाले, हा ल हिंदीतला आहे. बरोबर होतं त्यांचं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलाय. पण पुष्कळ फॉन्ट आधी हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. लिब्रेऑफिसमध्ये भाषा हिंदीची मराठी केली आणि आजोबांसमोरच ल ला पाकळी आली. ते काही बोलले नाहीत, ॲडव्हान्स दिला.

शेवटी दुकानाची मांडणी अशी झाली. निविदा, टॅली आणि लेझर प्रिंटरसाठी एक नवं मशीन, विंडोज ११. 'अपात्र' आय-फाइव्हवर मिंट २२, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. स्कॅनिंग, मेल, व्हॉट्सॲपवर आलेले मजकूर आणि नव्या युनिकोड पत्रिका तिथे होतात. मांडणीसाठी स्क्रायबस, ज्याची आताची आवृत्ती देवनागरी जोडाक्षरं नीट जोडते. पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये पडते, छापली जाते विंडोजवरून. डोंगलवालं म्हातारं मशीन ठेवलंय, फक्त त्याची इंटरनेटची वायर कायमची काढली. तिथून फाइल बाहेर जाते ती पीडीएफ होऊन, आणि त्यासाठी एकच वेगळा पेन ड्राइव्ह. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्याला लावायचा नाही. जो जुना नमुना कोणी मागेल, तेवढाच युनिकोडमध्ये आणायचा. सगळं कपाट एकदम रूपांतरित करायची हौस मी मामांना करू दिली नाही. २००९ च्या साठ टक्के पत्रिका कोणीच पुन्हा मागणार नाही, असा मामांचाच अंदाज आहे.

याच दिवसांत मामेबहिणीचं सुरू होतं, मॅकबुक हवं म्हणून. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅक सुंदर असतो, बॅटरी दिवसभर जाते, मला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तिला मी एवढंच म्हटलं, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारून ये की स्टुडिओत काय काय उघडावं लागतं. ती चार नावं घेऊन आली. ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर आहेत. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स नाहीत. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकून घेता यायचं. २०२० पासून ॲपलने स्वतःच्या चिपा बसवायला सुरुवात केली, त्यांच्यावर बूट कॅम्प नाही. मॅकच्या आतच आभासी मशीनमध्ये आर्म जातीचं, म्हणजे अशा चिपांसाठीचं, विंडोज चालतं, पण जड रेव्हिट फाइल आणि सबमिशनची रात्र एकत्र आल्यावर मला तो भरवसा वाटत नाही. ती दोन दिवस रुसली, मग ग्राफिक्स कार्डवाला विंडोज लॅपटॉप घेतला. जाहिरात किंवा व्हिडिओ एडिटिंगला गेली असती तर मीच मॅक घे म्हटलं असतं.

मामांचं आता एक नवीनच सुरू झालंय. कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणारे प्रिंटर असतात हे मी त्यांना सांगून ठेवलंय. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेलं असेल तर मोबाइल, मॅक, लिनक्स, सगळे त्यावर थेट छापू शकतात. ते त्यांच्या इतकं डोक्यात बसलंय, की दुसरा प्रिंटर घ्यायला आम्ही गेलो तेव्हा किंमत विचारायच्या आधी त्यांनी काउंटरवरच्या पोराला विचारलं, "आयपीपी आहे का याला?"

पोराने खोकं फिरवून फिरवून बघितलं. "आयएसआय आहे, काका. बघा हा शिक्का."

"ते मी शेगडीला बघतो," मामा म्हणाले. "मालकाला बोलव."